उजवा हात

जिल्हा कोर्टाच्या भिंतीला लागून, कडुनिंबाखाली
माझं टेबल. एक पाय विटेवर.
एकोणतीस वर्षं झाली. गोल शिक्का, लाल चकती, रजिस्टर,
आणि जांभळ्या शाईचं पॅड, जे मे महिन्यात
दुपारी दोनला वाळतं आणि मी त्यावर
प्यायच्या बाटलीतलं पाणी शिंपडतो.

काल संध्याकाळी तांडापेठेत गेलो,
कौसल्याबाई धकात्यांकडे.
हेमराज गेला त्याला दीड वर्ष झालं.
गाडी व्हर्जिनियात उभी आहे अजून,
कुणाच्या तरी आवारात, भाडं चढतंय;
ती विकायला आईची सही लागते.
सही इथे, नोटरी तिथे.
मधे काय आहे म्हणाल तर
गव्हाच्या कोठीवर ठेवलेला भाच्याचा लॅपटॉप.

इथे सात वाजलेले, तिथे सकाळचे साडेनऊ.
पडद्यावर बाई आली. माझ्याच धंद्यातली,
तिशीची असेल, मागे रिकामी भिंत.
हा आवाज कसला?
कूलरचा, म्हटलं.
बंद करा, म्हणाली, रेकॉर्डिंग होतंय.
बंद केला. सेहेचाळीस डिग्रीचा दिवस
भिंतींतून आत यायला लागला.

पासपोर्ट धरा. जवळ. अजून जवळ. तिरपा.
हेमराजकडे जायचं म्हणून काढलेला तो,
आत एकही शिक्का नसलेला.
आता चेहरा. डावीकडे. उजवीकडे.
कौसल्याबाईंनी मान वळवली
मोतीबिंदूच्या शिबिरात वळवतात तशी.

खोलीत आणखी कोण आहे?
भाचा उठून सायकलीपाशी जाऊन उभा राहिला.
कुणी दबाव तर टाकत नाही ना?
बाईंच्या कपाळावरून घाम टपटप.
"दबाव कायचा बाप्पा, गरम होऊन राहिलं."
मी भाषांतर केलं. बाप्पा वगळून.

त्याआधीचं एक सांगायचं राहिलं.
दुभाष्यालाही शपथ असते, म्हणाली होती ती.
उजवा हात वर करा.

मी किती हात वर करवले असतील.
खरं बोलण्याची शपथ पन्नास रुपयांत दिली आहे मी,
घाई असेल तर शंभरात.
"पप्पा गाडीत बसलेत, पायऱ्या चढवत नाहीत त्यांना"
एवढ्यावर शिक्का मारला आहे.
गाडीत कोणी होतं की नाही
पाहायला उठलो नाही. ऊन होतं.
एका हक्कसोडपत्रावरचा अंगठा
मला फार गार वाटला होता.
कागद गार लागत नाही मे महिन्यात, हे मला कळतं.
तरी मारला.

आणि माझाच हात वर जाईना.
खांदा धरलाय, म्हटलं. ते खोटं नव्हतं.
थांबते, म्हणाली ती. आणि खरंच थांबली,
व्हर्जिनियातल्या सकाळी साडेनऊला, एका खांद्यासाठी.
गेला वर. बाहीवर जांभळा डाग दिसला असेल तिला.
ऐकेन तेच सांगेन. न घालता, न गाळता.
आणि लगेच बाप्पा गाळला.

सही पडद्यावर बोटानं झाली.
'कौ' लांबलचक, 'धकाते' एकावर एक पडलेले.
तिथला शिक्का बसला तेव्हा कसलाच आवाज झाला नाही,
टेबल हललं नाही, कोणी फुंकर घातली नाही.

पडदा काळा झाल्यावर भाच्यानं कूलर लावला.
आधी धुळीचा वास आला, मग वाळ्याचा.
कौसल्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं.
"वकीलसाहेब, गाडीचा रंग कोणता असन?"

कागदात चौदा रकाने होते. रंगाचा नव्हता.
एरवी मी निळा म्हणालो असतो.
निळा त्यांना आवडतो, दारावरच्या पडद्यावरून कळतं.
पण शपथ केव्हा सुटते
ते तिकडच्या बाईनं सांगितलं नव्हतं.

माहीत नाही, म्हटलं.

"मंग विचारलं काहून नाही?"